पंप खाली, रेडिएटर वर

लग्नसराई एप्रिल-मेची, आणि नगर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो तोही त्याच दिवसांत. म्हणजे लग्नाचं फोर-के शूटिंग एडिट करणाऱ्याच्या मशीनवर वर्षातला सगळ्यात जड लोड नेमका सगळ्यात तापलेल्या खोलीत येतो. लोणी, संगमनेर, कोपरगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलंही प्रोजेक्टचं रेंडरिंग याच सुमारास उरकत असतात. त्यामुळे कॉम्प्युटर घरी बांधायचा ठरला की लिक्विड कूलरचा विषय निघतोच. मग चर्चा होते ती लाइटची, पंपावरच्या छोट्या स्क्रीनची आणि किमतीची. तो कॅबिनेटमध्ये नेमका कुठे आणि कसा बसवायचा, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. महागडा कूलर चुकीचा बसवला तर तो साध्या एअर कूलरपेक्षाही वाईट चालतो, आणि लवकर मरतो.

मुळात तो लागतो का, हे आधी बघा. रायझन 5 7600 सारखा 65 वॅटचा प्रोसेसर असेल तर दोन-तीन हजारांचा टॉवर एअर कूलर मे महिन्यातही पुरतो, आणि त्यात बिघडण्यासारखा एक पंखाच असतो. उलट इंटेलचा आय9-14900के पूर्ण जोरात 253 वॅटपर्यंत खेचतो. तिथे 360 मिलिमीटरचा लिक्विड कूलर ही चैन नाही. मधल्या प्रोसेसरांसाठी दोन्ही चालतं. माझा कल एअर कूलरकडे असतो, पण रोज चार-पाच तास सलग रेंडर लावणाऱ्याने लिक्विड घेतला तर पैसे वाया जात नाहीत. एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकावा. पाण्याचा कूलर म्हणजे एसी नव्हे. खोली 40 अंशांवर असेल तर नळीतलं पाणी 40 च्या खाली जाणार नाही. कूलर फक्त प्रोसेसरची उष्णता उचलून खोलीत टाकतो. पुढे तिचं काय करायचं ते खोलीने बघायचं.

बाजारात सील करून मिळतो त्या कूलरला एआयओ म्हणतात, आणि हा लेख त्याच्याबद्दलच आहे. प्रोसेसरवर बसणाऱ्या ठोकळ्यात खाली तांब्याची प्लेट आणि वर पंप, तिथून निघणाऱ्या दोन नळ्या, आणि पंखे लावलेला रेडिएटर, एवढाच त्याचा संसार. पंप आणि प्लेट एकाच ठोकळ्यात बसवण्याची रचना असेटेक या डॅनिश कंपनीने रुळवली. 2009 साली आलेला कोर्सेअरचा एच50 त्यांनीच बनवलेला होता, आणि तिथून हे कूलर सामान्य ग्राहकाच्या हाती आले. प्रोसेसरपर्यंत पाणी नेऊन उष्णता उचलण्याची पद्धत मोठ्या यंत्रांतही आहे. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणक तसाच थंड ठेवला जातो. फरक एवढाच की तिथे देखभालीला माणसं नेमलेली असतात.

आता मुख्य गोष्ट. कंपनी कूलर भरून सील करते तेव्हाच आत थोडी हवा राहिलेली असते. शिवाय रबरी नळ्यांमधून पाणी वाफेच्या रूपाने अतिशय सावकाश बाहेर झिरपतं, आणि तेवढी जागा हवा घेते. हा दोष नव्हे, प्रत्येक एआयओमध्ये हे होतं. त्यामुळे हवा आत आहे का, हा प्रश्नच नाही. ती कुठे जाऊन बसणार एवढंच आपल्या हातात असतं. विहिरीवरून लांब पाइपलाइन केलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही. लाइन जिथे उंचवट्यावरून जाते तिथे हवा धरते, मोटर चालू असूनही पाणी पुढे सरकत नाही, म्हणून त्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवतात. एआयओला एअर व्हॉल्व्ह नसतो. म्हणून सगळ्यात उंच जागा पंपाची असता कामा नये, ती रेडिएटरची असली पाहिजे. रेडिएटरच्या दोन्ही टोकांना छोट्या टाक्या असतात. वरच्या टाकीत हवा निवांत पडून राहिली तर पंपाला त्याचा पत्ताही लागत नाही. तीच हवा पंपात शिरली तर आधी खळखळ ऐकू येते, मग तापमान वर-खाली होतं, आणि पाण्यावरच वंगण होणारा पंप कोरडा फिरून झिजतो.

यातून जागा आपोआप ठरतात. कॅबिनेटच्या छताला रेडिएटर लावला तर तो पंपाच्या वरच असतो, प्रश्न मिटला. समोरच्या बाजूला उभा लावायचा असेल तर नळ्या रेडिएटरच्या खालच्या टोकाला येतील असा लावा. हवा वरच्या बंद टाकीत राहते आणि पंपाकडे जाणारं पाणी खालून निघतं. नळ्या तेवढ्या लांब नसतात तेव्हा नळ्या वर ठेवूनही चालतं, पण रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं. छोट्या कॅबिनेटमध्ये 240 चा रेडिएटर समोर खाली सरकवलेला असतो आणि पंप त्याच्या वर जातो. हे डोळ्यांनी बघून घ्या, अंदाजावर सोडू नका. आणि कॅबिनेटच्या तळाला रेडिएटर कधीच नको. काचेच्या कॅबिनेटमध्ये तो तिथे छान दिसतो, फोटोही सुंदर येतात, पण सगळी हवा थेट पंपात जाते. तळाला साधे पंखे लावा.

छत आणि समोर यांपैकी काय निवडायचं? समोर लावला तर रेडिएटरला बाहेरची ताजी हवा मिळते, प्रोसेसर काही अंश थंड राहतो, पण ती तापलेली हवा ग्राफिक्स कार्डावर जाते. छताला लावला तर ग्राफिक्स कार्डाची गरम हवा रेडिएटरमधून बाहेर पडते, म्हणजे प्रोसेसर थोडा जास्त तापतो. परदेशी चाचण्यांमध्ये हा हिशेब दोन-चार अंशांवर मांडलेला असतो. आपल्याकडे त्यात धूळ मिळवावी लागते. नगरच्या उन्हाळी वावटळींची माती, सुपे-पारनेरच्या पठारावरचा अखंड वारा, प्रवरा पट्ट्यात गळीत हंगामात उडणारी काजळी आणि पाचट जाळल्याची राख, धाब्याच्या घरात वरून गळणारी बारीक माती, हे सगळं जिकडून हवा आत येते तिकडे चिकटतं. समोर रेडिएटर असेल तर त्याच्या बारीक पत्र्यांमध्ये ते गच्च बसतं. म्हणून या भागात माझं मत सरळ आहे: रेडिएटर छताला, पंखे हवा बाहेर फेकणारे, समोर जाळीचा फिल्टर लावलेले तीन पंखे हवा आत ओढणारे, आणि त्यांचा वेग छतावरच्या पंख्यांपेक्षा किंचित जास्त. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ ओढली जात नाही. फिल्टर काढून नळाखाली धुता येतो, रेडिएटर नाही.

खरेदीआधी टेप घेऊन कॅबिनेट मोजा. पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवलेला कूलर बसला नाही म्हणून परत पाठवण्यात आठवडा जातो. साधारण 240 च्या रेडिएटरची लांबी 275 मिलिमीटरच्या आसपास असते, 360 च्या 395 च्या आसपास. नावातला आकडा फक्त पंख्यांचा आहे, दोन्ही टोकांच्या टाक्या त्याच्या बाहेर जातात. जाडी 27 मिलिमीटर आणि पंखा 25, मिळून 52. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर मालिकेचा रेडिएटर 38 मिलिमीटर जाड आहे, तिथे हीच बेरीज 63 होते. छत आणि मदरबोर्डची वरची कड यांच्यात एवढी जागा आहे का ते पाहा, आणि उंच हीटसिंकची रॅम घेणार असाल तर तिचीही उंची धरा. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘360 चालतो’ एवढंच लिहिलेलं असतं. तो वर चालतो की फक्त समोर, हे बारीक अक्षरात शोधावं लागतं.

सॉकेटही तपासा, विशेषतः जुना कूलर वापरायचा असेल तर. इंटेलच्या 1200 सॉकेटची भोकं 75 मिलिमीटरवर होती, 1700 ची 78 वर गेली, नव्या 1851 ची 1700 सारखीच आहेत. जुनं ब्रॅकेट 1700 वर ओढूनताणून बसवलं तर दाब नीट पडत नाही. कंपनीकडून नवं किट मागवा. एएमडीच्या एएम4 आणि एएम5 ची भोकं सारखीच आहेत. एएम4 बोर्डावरचे प्लास्टिकचे ब्रॅकेट सोडवले की मागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते, ती एका हाताने धरा, आणि फेकू नका. बहुतेक कूलर तिच्यावरच कसले जातात.

बसवण्याचा क्रम असा ठेवा की कॅबिनेटच्या आत हात घालून करायची कामं कमीत कमी उरतील. मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवा, बॅकप्लेट आणि स्टँडऑफ टेबलावरच लावून घ्या. इथल्या कोरड्या हवेत, त्यातून थंडीत, स्थिर वीज फार तयार होते. नायलॉन-लोकरीचे कपडे टाळा, सुती घाला, आणि हात घालण्याआधी एसएमपीएसच्या उघड्या धातूला स्पर्श करा. घराचं अर्थिंग नीट आहे का तेही एकदा वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कूलर बाजूला ठेवा आणि आधी ते काम करा.

मग रेडिएटरला पंखे. इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. खोक्यात दोन प्रकारचे स्क्रू येतात. लांब साधारण 30 मिलिमीटरचे, पंख्यातून आरपार जाऊन रेडिएटरच्या कडेत चार-पाच मिलिमीटर घुसणारे. आणि आखूड, रेडिएटर थेट कॅबिनेटच्या पत्र्याला लावायचे. लांब स्क्रू चुकून पंख्याशिवाय लावला तर तो पत्र्यांच्या आत शिरतो, आणि त्याच्या वाटेत पाण्याची चपटी वाहिनी आली तर तिला भोक पडतं. त्या क्षणी काही दिसत नाही. ओल दिसते ती मशीन चालू झाल्यावर, ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर. स्क्रू फिरवताना शेवटी अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, काढून लांबी बघा. पंख्याची दिशा कडेवरच्या बाणावरून कळते. बाण नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या आहेत त्या बाजूने हवा बाहेर पडते.

बोर्ड आणि रेडिएटर कॅबिनेटमध्ये गेले की पंप शेवटी. तांब्याच्या प्लेटवर पातळ पारदर्शक फिल्म असते, किंवा प्लास्टिकचं झाकण. ती काढा. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण फिल्मसकट बसवलेले कूलर दुरुस्तीला येतातच, आणि येणारे सगळे नवखे नसतात. प्लेटवर कंपनीने आधीच थर्मल पेस्ट लावलेली असेल तर तिला बोट लावू नका, वर आणखी पेस्टही नको. नसेल तर प्रोसेसरच्या मधोमध मटाराच्या दाण्याएवढी, मोठ्या प्रोसेसरवर बारीक फुलीच्या आकारात. पसरवायचं काम दाब करतो. एकदा टेकवून उचललं तर दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नव्याने लावा; जुन्यावरच पुन्हा दाबलं की मध्ये हवेचे कप्पे राहतात.

चार स्क्रू असतील तर आधी चारही दोन-दोन आटे पकडून घ्या. मग तिरप्या जोडीने कसा, एका वेळी दोन फेऱ्या. एकच कोपरा आधी घट्ट केला तर प्लेट तिरकी बसते आणि पेस्ट एका बाजूला पळते. स्क्रू स्प्रिंगपर्यंत जाऊन स्वतःहून थांबतो तिथे थांबा. नळ्यांना सैलसर वळण द्या. हाताने कुठेही चपटी झालेली जाणवली तर पंप फिरवून बसवता येतो का ते बघा, आणि नळी ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याला टेकत नाही ना तेही. जुना एएम4 प्रोसेसर कूलर ओढून काढताना पेस्टला चिकटून सॉकेटबाहेर येतो, पिना वाकतात. आधी थोडा वेळ मशीन चालवून पेस्ट गरम करावी, बंद करून प्लग काढावा, मग ठोकळा हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा.

पंपाची वायर बोर्डावर ‘एआयओ पंप’ लिहिलेल्या हेडरला, पंख्यांची ‘सीपीयू फॅन’ला. पंपाला वीज साटा केबलवरून मिळत असेल आणि सीपीयू फॅनचा हेडर रिकामा राहिला असेल तर मशीन सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर’ दाखवून थांबतं. तिथे रेडिएटरच्या पंख्याची वायर लावा. बायोसमध्ये जाऊन पंप पूर्ण वेगावर ठेवा. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा, पण तापमानाप्रमाणे पंप कमी-जास्त करण्याच्या भानगडीत पडू नका. आवाज कमी करायचा तर पंख्यांचा वेग सावकाश वाढेल असा ठेवा. पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे प्रोसेसर क्षणभर उसळला म्हणून पंख्यांनी लगेच ओरडायचं कारण नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर थोडी खळखळ ऐकू येईल, हवा वर सरकत असते. कॅबिनेट हलकेच पुढे-मागे कलवा, काही मिनिटांत थांबते. दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर जागा चुकली आहे. मग एचडब्ल्यूइन्फो लावून सिनेबेंच अर्धा तास चालवा. दहा मिनिटांवर विश्वास ठेवू नका, कारण तोवर पाणी पुरतं तापलेलंच नसतं. आकडा बघण्यापेक्षा तो चढतो कसा ते बघा. लोड देताच काही सेकंदांत शंभरीला टेकला तर प्लेट नीट बसलेली नाही, फिल्म राहिली आहे किंवा पंप फिरतच नाही. पंप फिरतोय का हे कळायला बोर्डावर त्याचे आरपीएम दिसतात; शिवाय एक नळी दुसरीपेक्षा खूप गरम लागत असेल आणि रेडिएटर थंडच असेल तर पाणी फिरत नाही. आकडा सावकाश चढत वीस-पंचवीस मिनिटांनी जास्तच राहिला तर दोष कूलरचा नसतो, हवा अडते आहे. समोरची काच एक बोट सैल करून बघा, कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढा.

या आकड्यांशेजारी खोलीचं तापमान लिहून ठेवा, भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरे. डिसेंबरात खोली 22 वर असताना रेंडरिंगला प्रोसेसर 70 दाखवत असेल तर मे महिन्यात 38 च्या खोलीत तोच 86 च्या आसपास जाणार. कूलर बिघडलेला नसतो. रायझन 7000 मालिका 95 पर्यंत आणि इंटेलचे प्रोसेसर 100 पर्यंत स्वतःला सांभाळतात. तरी सतत कडेला चालवायचं नसेल तर उन्हाळ्यापुरती बायोसमधून वीज मर्यादा कमी करा. एएमडीला त्यासाठी इको मोडच आहे. वॅट बरेच घटतात, रेंडरचा वेळ त्या मानाने थोडाच वाढतो.

डेझर्ट कूलरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथल्या कोरड्या उन्हाळ्यात घरोघरी तोच असतो. त्याने खोली उतरते, म्हणजे रेडिएटरलाही फायदा होतो. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. पॅड नीट नसेल तर झोताबरोबर बारीक तुषार येतात, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार सुकले की बोर्डावर पांढरी पूड राहते. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि कूलरही काम करेनासा होतो. एआयओमध्ये पाणी कमी झालंय असं वाटून वरून पाणी भरण्याचा उद्योगही कुणी करू नये. आतलं द्रव गंज रोखणारी रसायनं मिसळलेलं असतं. प्लेट तांब्याची आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा. साधं पाणी गेलं की दोन धातूंत गंजाचं काम सुरू होतं, आणि बोअरचं गेलं तर प्लेटच्या केसाएवढ्या खाचा क्षारांनी बुजतात.

साफसफाई दोन महिन्यांतून एकदा, कारखान्याच्या हंगामात त्याहून लवकर. मशीन बंद, प्लग काढलेला. पंख्याचं पातं बोटाने अडवून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने ते सुसाट फिरून बेअरिंग खराब होतं. छोटा ब्लोअर घ्या आणि धूळ ज्या बाजूने शिरली त्याच्या उलट दिशेने मारा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको; त्याच्या टाकीत साठलेलं पाणी आणि तेल हवेबरोबर येतं, आणि दाबही पत्रे वाकवेल एवढा असतो. मागच्या बाजूला कार्डांच्या रिकाम्या जागांवरच्या पट्ट्या लावलेल्या असू द्या. पाल एसएमपीएसपर्यंत पोचते ती याच वाटेने, आणि शेताजवळच्या घरात उंदीर आत शिरला तर रबरी नळी त्याला वायरइतकीच आवडते.

आयुष्य साधारण पाच-सहा वर्षं धरा. कंपन्यांची वॉरंटी सहसा तीन ते सहा वर्षांची असते, म्हणून जीएसटी बिल आणि खोकं जपून ठेवा. ओल दिसली तर आधी भिंतीवरचं बटण बंद. पुसून पुन्हा चालू करून बघू नका, फोटो काढा आणि दावा करा. अशा वेळी भिजलेल्या इतर पार्टांचं काय, हे प्रत्येक कंपनीच्या अटींमध्ये वेगळं असतं. ते खरेदीआधी वाचलेलं बरं.

आणि मशीन पुण्याच्या हॉस्टेलला न्यायचं असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं पॅक करा. पंप काढायची गरज नाही, पण नळ्या आणि बोर्ड यांच्यामध्ये मऊ कापड किंवा फोम भरा. कॅबिनेट एसटीच्या डिकीत आडवं गेलं तर हवा सगळीकडे पसरते, म्हणून पोचल्यावर अर्धा तास उभं ठेवा, आतला फोम आठवणीने काढा, नळ्यांच्या टोकांना ओल आहे का ते टिश्यू पेपर लावून बघा, आणि पहिली दहा मिनिटं काही न चालवता नुसतं बायोसमध्ये ठेवून पंपाचे आरपीएम तपासा.